कायद्यात बसणारा कन्व्हर्टर

आमच्या मोशीत दूध स्पोर्ट्स कारमधून येतं. खोटं वाटेल, पण रोज सकाळी एक पिवळीधमक, जमिनीला टेकलेली, दोन सीटांची गाडी चार दारांपुढे थांबते. शेजारच्या सीटवर दुधाची किटली असते आणि किटलीला सीटबेल्ट लावलेला असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा ब्रश तोंडातच राहिला होता.

गाडीचे मालक, चालक आणि गवळी एकच: शंकरअण्णा, माझे घरमालक. जमीन कंपनीला गेली, पैसा आला, तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "येकदा त्या चपट्या गाडीत बसवा मला." अण्णांनी गाडीच आणली. काकू होत्या तोवर किटली त्यांच्या मांडीवर असायची. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आता घरात अण्णा आणि त्यांची म्हैस चंद्री. चंद्रीचा गोठा पार्किंगमध्ये, गाडीला खेटून.

मध्यंतरी गाडी धडधडू लागली, सडक्या अंड्यासारखा वास सोडू लागली. पीयूसी मिळेना. धूर स्वच्छ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, निकामी झाला होता. मी चाकणला सायलेन्सरच्या कंपनीत तपासनीस, म्हणून अण्णा मला भोसरीच्या गॅरेजात घेऊन गेले.

गॅरेजवाला खुशीत म्हणाला, "अण्णा, डबाच काढून टाकू. सरळ पाइप! काय आवाज येईल राव, अख्खी मोशी उठेल."

"कायद्यात बसतंय का?" अण्णांनी विचारलं.

मी चाट पडलो. या माणसानं जन्मात हेल्मेट घातलं नाही. तीन मजल्यांची परवानगी काढून पाच चढवले, आणि त्यातल्या पाचव्यावर मी राहतो! गॅरेजवाल्यानं मग कुठल्याही गाडीला बसणारा एक स्वस्त डबा दाखवला. अण्णांनी चष्मा लावून तो उलटासुलटा केला. मान्यतेचा शिक्का नव्हता. "न्हाई बसत कायद्यात." तिसरा पर्याय, त्यांच्याच इंजिनासाठी मान्यता मिळालेला डबा, मागवावा लागणार होता. तीन आठवडे.

"मागवा. पर आवाज पयल्यावानीच पायजे."

रिक्षानं परतताना खरं काय ते बाहेर पडलं. काकू धार काढायच्या तेव्हा अण्णा शेजारी गाडी चालू ठेवायचे. त्या घुमण्यावर चंद्री पान्हा सोडायची. आवाज बिघडला तशी ती पान्हा आखडून दूध चोरू लागली. वाकडला राहणाऱ्या थोरल्या मुलानं लगेच गिऱ्हाईक पाहिलं: महिनाअखेरपर्यंत दूध नाही दिलं, तर म्हैस जाणार.

मला हसू आवरेना. "म्हणजे कन्व्हर्टर म्हशीच्या पसंतीचा?"

"मग कुनाच्या? शिक्क्याचा डबा पयल्यासारखाच आसतो, आसं तुमीच सांगितलं व्हतं की, इंजिनेर."

माझं हसू जिरलं. मी ते सहज बोलून गेलो होतो, आणि अण्णांनी चंद्रीचं नशीब त्यावर टांगलं होतं.

डबा आला, बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी खाली उतरलो. गाडी हळू घुमत होती. आणि चंद्रीच्या कासेशी हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन एक बाई बसली होती. काकूंचं लुगडं! बाईनं मान वळवली. पदराखाली अण्णांच्या मिशा होत्या.

"गप ऱ्हावा. पान्हवलीय ती."

बादलीत धारेचा आवाज येत होता. मी भिंतीला टेकलो.

"ह्ये नेसल्याबिगर ती हात लावू देत न्हाई," धार संपल्यावर अण्णा म्हणाले. "दीड वरीस झालं, रोजचंच हाय." मग चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून थांबले. "आन् खरं सांगू? तेवढी धा मिनटं मला बी वाटतं, कारभारीण हितंच हाय."

अण्णांनी लुगड्याची नीट घडी घातली, किटली उचलून सीटवर ठेवली आणि बेल्ट ओढू लागले.

"राहू द्या, अण्णा," मी म्हटलं.

त्या दिवशी किटली मांडीवर घेऊन मीच बसलो.