निवट्याच्या लग्नाचं वाळवण

"माझं नाव आता देश सांभाळणार," असं रामनाथशेठ पूर्णा गावात ज्याला त्याला सांगत होते. टपरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, गोडाऊनच्या वॉचमनला सांगितलं आणि तो बिहारचा असल्यामुळे त्याला हिंदीतून पुन्हा सांगितलं. तरीही कुणी राहून जायला नको म्हणून नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर फोटो अर्थातच शेठचाच होता.

बढाई होती, पण पोकळ नव्हती. शेठचा थोरला भाऊ अनंता चित्रकार. गावात गोडाऊनं यायच्या कितीतरी आधी, इथे भात पिकत होता त्या काळात, त्याने हाताने एकेक चित्र काढून एक छोटा सिनेमा केला होता. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटा माशाचं चिंबोरीशी, म्हणजे खेकडीशी लग्न. शेवाळाचा मांडव, वऱ्हाडात कोळंब्या, आणि लग्न लावायला आवाज खुद्द आईचा. आई, आनंदीबाई, धवलारीण होती. लग्नाचे धवले तिने गायल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागलंय असं कुणाला वाटत नसे. गाण्यात नवरदेवाच्या भावाचं नाव घ्यायचं असतं. निवट्याला कुठून आणायचा भाऊ? म्हणून आईने आपल्या धाकट्याचंच नाव घातलं: "करवला माझा रामनाथ".

पुढे आई गेली, अनंताही गेला. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. सिनेमाची एकुलती एक प्रत पत्र्याच्या डब्यात माळ्यावर पडून होती. रामनाथने तो एकदाच, लहानपणी, शाळेच्या भिंतीवर पाहिला होता आणि आपलं नाव येताच लाजून बाकाखाली शिरला होता. आता देशाचं चित्रपट संग्रहालय असे जुने चित्रांचे सिनेमे शोधून कायमचे जपत होतं. तिथल्या ऋतिका मॅडम मंगळवारी डबा न्यायला येणार होत्या आणि पुढे नवी प्रत गावाला दाखवणार होत्या. आईच्या तोंडचं आपलं नाव मरायच्या आधी एकदा ऐकायचं, एवढंच शेठना हवं होतं. फ्लेक्स वगैरे वरची सजावट.

सोमवारी सकाळी शेठच्या पत्नीने, सीताबाईंनी, पुसायला म्हणून डबा उघडला आणि नाकाला पदर लावला.

"आवो, यो आंबलाय."

"सिनेमा कसा आंबंल?"

"वास घ्या मंग."

शेठनी वास घेतला आणि दोन पावलं मागे सरले. विसरलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा भपकारा होता.

"असा डबा सरकारच्या घरात द्यायचा?" सीताबाई म्हणाल्या. "लोकं म्हनतील, पूर्ण्याच्या बायांना वालवण करता येत न्हाय."

खाडीकाठच्या माणसाला वास मारणाऱ्या वस्तूवर एकच इलाज ठाऊक असतो, तो म्हणजे ऊन. गोडाऊनची भाडी घरात यायला लागली तरी सीताबाईंनी गच्चीवरची वलांडी काढली नव्हती. बोंबील वाळत घालायची ती बांबूंची मांडणी हे त्यांचं खरं साम्राज्य. एका बाजूला बोंबील होतेच. त्यांनी दुसरी बाजू रिकामी केली आणि अनंताचा सिनेमा डब्यातून सोडवून बांबूंवर झुलता टाकायला घेतला. शेठ खालून फीत पुरवत होते आणि बायकोच्या अकलेवर मनातून खूश होते.

मग खाडीचा वारा सुटला. निवटा, चिंबोरी, वऱ्हाड, सगळं फडफडायला लागलं.

"चिमटे आना," सीताबाई म्हणाल्या.

घरचे पुरेनात. शेठ आळीत फिरून दारोदारचे कपड्यांचे चिमटे गोळा करून आले. त्या दिवशी आळीतले दोन परकर आणि एक चादर खाडीच्या दिशेने गेली, त्याचा बोल पुढे बरेच दिवस लागत होता.

चिमटा लावायचा कुठे, यावर मात्र शेठनी जातीने लक्ष घातलं. फीत उन्हात धरून पाहिली. मधोमध चित्रं. एका कडेला भोकं. दुसऱ्या कडेला नुसती एक पांढरी नागमोडी रेघ.

"दादाच्या चित्राला धक्का लागता कामा नये," ते म्हणाले. "भोकांशी लावू नको, फाटंल. ही रेघ हाय ना, हिच्यावर लाव. इथं काय न्हाय."

दोघांनी दुपारपर्यंत देवाचं काम करावं तसं ते काम केलं. वाऱ्याच्या तोंडाशी होतं तिथे शेठनी एकाला एक चिकटवून चिमट्यांची रांगच लावली.

ऋतिका मॅडमचं ठाण्यातलं काम लवकर आटोपलं, म्हणून त्या सोमवारीच आल्या. शेठ त्यांना कौतुकाने गच्चीवर घेऊन गेले. मॅडमनी बोंबील पाहिले, मग सिनेमा पाहिला, आणि पाण्याच्या टाकीचा आधार घेतला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "आधी सावलीत घेऊ या."

"वास होता म्हनून..."

"त्या वासापायीच तर आम्ही जुन्या फिती न्यायला येतो. फीत आतून खराब व्हायला लागली की तसा वास येतो. ऊन तिला सोसत नाही."

सीताबाईंनी पदर तोंडावर घेतला. शेठ घाईघाईने म्हणाले, "पन चित्राला कुटं हात लावला न्हाय हां. चिमटे सगले रेघेवर."

 मॅडमनी एक चिमटा अलगद काढला. फीत उन्हाने मऊ पडली होती, चिमट्याच्या दातांना रेघेचा एवढासा तुकडा चिकटून आला.

"काका, ही रेघ म्हणजे आवाज. आई गातात ना, ते गाणं इथे असतं."

शेठ खाली बसले. आळीतल्या बाया आपापले चिमटे मागायला जिन्यात येऊन उभ्या होत्या. त्या तशाच परत गेल्या. पुढचे कित्येक दिवस शेठ नाक्यावरून न जाता मागच्या शेताडीतून जात. फ्लेक्स तेवढा तिथेच हसत होता.

पावसाळा सरल्यावर मॅडम परत आल्या. संग्रहालयाने फितीवर खूप मेहनत घेतली होती. नवी प्रत देवळाच्या सभामंडपात पडद्यावर लावली. सगळं गाव जमलं. अनंताची चित्रं अशी उजळली होती की म्हातारी माणसं आपली जुनी खाडी ओळखून बोटं दाखवत होती. आणि आई गायला लागली. मधूनमधून टक् टक् वाजत होतं, पण आवाज आईचाच होता, खरखरीत आणि ठाम. शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

निवटा मांडवात आला. शेठ सावरून बसले.

"करवला माझा..." आई म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. नुसती खरखर. चिमट्यांच्या रांगेची जागा नेमकी तीच होती.

 शेठनी मान खाली घातली.

"रामनाथ," बायकांच्या बाजूने आवाज आला. सुरात, आईच्याच चालीत.

सीताबाई होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, पण या बाईने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या रांगेतसुद्धा शेजारणीकडून वदवून घ्यायच्या. पडद्यावर पुढचा धवला सुरू झाला, निवट्याचं लग्न लागलं, कोळंब्या नाचल्या. शेठ मात्र मागे वळून बायकोकडेच बघत राहिले.

सीताबाई लाजून लाल झाल्या होत्या. "पुडं बगा," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "न्हायतर उरलेला सिनेमा पन चुकंल."