फळ्याचा वापर अपुरा

आमच्या गल्लीत पोह्यांना शेरा मिळतो.

खोटं वाटत असेल तर एखाद्या रविवारी सकाळी सिडकोत आमच्याकडे या. आमच्या घरात फोडणीचा वास सुटला की शेजारच्या गेटाची कडी वाजते आणि भालेराव साहेब आमच्या ओट्यावर प्रकट होतात. बशी हातात, पहिला घास तोंडात, डोळे मिटलेले. मग डोळे उघडून, समोर सगळे मुख्याध्यापक हात बांधून उभे असावेत अशा आवाजात म्हणतात, "शेरा: चव समाधानकारक. लिंबाचा वापर योग्य. खोबऱ्याबाबत उदासीनता दिसून आली."

आमची ही पदर खोचून विचारते, "अजून वाढू का?"

"पुनर्तपासणीला हरकत नाय," म्हणत साहेब बशी पुढं करतात.

भालेराव साहेब म्हणजे शिक्षण खात्यातले निवृत्त विस्तार अधिकारी. गावोगावच्या शाळा तपासायच्या आणि निघताना शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. सिल्लोड, पैठण, गंगापूर, सगळीकडची धूळ त्यांच्या फटफटीनं खाल्लेली. नोकरी संपली, शेरे संपले नाहीत. समोरच्या घरातल्या लग्नात त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "वरात वेळेवर. नवरदेवाच्या चेहऱ्यावर आत्मविश्वासाचा अभाव. मार्गदर्शन आवश्यक." एका तेराव्याच्या पंगतीतून उठताना यजमानांचा हात हातात घेऊन ते अगदी मनापासून म्हणाले, "व्यवस्था उत्तम. पुन्हा यायला आवडंल." यजमानांचे थोरले काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. हे कानावर गेलं आणि आठवड्यात ते उठून फिरायला लागले.

माझ्याबद्दलही शेरा आहेच: "प्रकाशराव. बोलणं भरपूर, आशय बेताचा."

या माणसाला न घाबरणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको, सुमनबाई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांची पहिली भेट सिल्लोडकडच्या एका एकशिक्षकी शाळेत झाली. तरुण भालेराव साहेब तपासणीला गेले, तर वर्ग रिकामा, फळा कोरा करकरीत आणि पोरं अंगणात लिंबोळ्या मोजतायत. साहेब तरातरा वर्गात शिरले. मागून आवाज आला, "साहेब, बूट बाहेर. आत्ताच सारवलंय."

साहेबांनी बूट काढले आणि मग अधिकाऱ्याच्या इभ्रतीला जागून शेरा लिहिला: "फळ्याचा वापर अपुरा." वर्षभरात त्यांनी त्याच बाईंना मागणी घातली. बाईंनी होकार दिला, पण शेरा विसरल्या नाहीत. साहेबांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "पहिल्या कपाचा वापर अपुरा झाला वाटतं!"

सुमनबाई गेल्या, त्याला आता वर्ष होईल.

त्या होत्या तोवर त्यांची नात ओवी दर उन्हाळ्यात पुण्याहून इथं यायची. आजीच्या मागंमागं कुरडया घालायची, बाजार करायची, नळाला पाणी आलं की हंडे भरायची. यंदा आजोबा एकटेच होते आणि ओवी सहावीत जाणार होती. एप्रिलमध्ये एके संध्याकाळी साहेब कुंपणाच्या भिंतीशी आले. शेरा नाही, काही नाही. मी घाबरलोच.

"रश्मीचा फोन होता," ते म्हणाले. रश्मी त्यांची मुलगी, ओवीची आई. "म्हणती, पोरीला अपूर्णांक येत नाय. या सुट्टीत आले तर ठीक, नाय तर पुढच्या उन्हाळ्यापासून पुण्यात क्लास. मग इकडं येणं बंद."

"मग शिकवा की तुम्ही! तुम्ही तर शिक्षण खात्यातले."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "प्रकाशराव, मी थेट परीक्षा देऊन अधिकारी झालेलो. शिकवलं कधीच नाय हो. जन्मभर मागच्या बाकावर बसून बघितलं फक्त."

तरी शाळा उघडली. साहेबांनी औरंगपुऱ्यातून भलामोठा फळा आणून बैठकीत टांगला. सकाळी परिपाठ, मग गणित, मग कूलरखाली मधली सुट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन छेद चार लिहिलं आणि त्यावर असं काही व्याख्यान दिलं, की ते आमच्या घरात ऐकू येत होतं. आमची ही भाजी निवडता निवडता पेंगली. ओवी तर केव्हाच झोपली होती.

साहेब दुपारी भिंतीशी आले. "लई अवघड काम आहे हो हे. फळ्याकडं तोंड करून बसलं की सगळं सोपं दिसतं. फळ्याकडं पाठ करून उभं राह्यलं की समोर पोरगी जांभई देती, ती दिसती."

पण हार मानतील ते अधिकारी कसले? त्यांनी ठरवलं, या शाळेची अचानक तपासणी करायची. आणि इथं, मंडळी, मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. साहेब शिकवता शिकवता उठले. हेल्मेट घातलं, जुनी ब्रीफकेस घेतली, स्कूटर काढली, गल्लीला एक चक्कर मारली आणि पुन्हा स्वतःच्याच दारात येऊन उतरले. दाराबाहेर बूट काढले, घसा खाकरला आणि आत गेले.

"शिक्षक कुठं आहेत?"

ओवी अकरा वर्षांची, पण आजीची नात. ती ताडकन उभी राहिली. "आत्ताच गेले, साहेब. हेल्मेट घालून."

"न सांगता?"

"असंच करतात ते."

"बरं, शिकवतात कसं?"

"मोठ्यानं."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "शेरा: विद्यार्थिनी चौकस. शिक्षक गैरहजर." मग हेल्मेट काढून खाली बसले आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, "मग आजी कशी शिकवायची गं?"

"आजी शिकवायचीच नाही, आबा. आम्ही नुसती कामं करायचो."

दुसऱ्या दिवशी फळा भिंतीवरून उतरला.

आमच्याकडे नळाला पाणी येणं हा एक सण असतो. तो नेमका कधी, हे देवाला आणि वॉर्डातल्या पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. त्या दिवशी पाणी आलं आणि साहेबांनी ओवीला गच्चीवर टाकीपाशी उभं केलं. टाकी किती भरली ते वरून ओरडून सांगायचं, एवढंच काम. इंग्रजी शाळेतली पोर, ती ओरडली, "आबा, थ्री अपॉन फोर!"

"इथं तसं नाय चालत. पाऊण म्हण, पाऊण!"

"पाऊऊऊण!" अख्ख्या गल्लीला कळलं. त्यानंतर ओवीला नाद लागला. पाव कलिंगड, दीड भाकरी, अडीच तास झोप. माझ्या टकलाकडे पाहून ती एकदा म्हणाली, "काका, तुमचे केस पाव उरलेत." आशय बेताचा असलेला माणूस यावर काय बोलणार!

मग आलं लोणचं.

सुमनबाईंच्या हातचं कैरीचं लोणचं गल्लीत प्रसिद्ध होतं. ओवीनं हट्ट धरला, की यंदाही ते घालायचंच. रश्मीनं फोनवरून आईचं प्रमाण सांगितलं: दोन किलो कैऱ्यांना किती मीठ, किती मोहरी, किती तिखट, सगळं. साहेबांनी हिशेब केला, की घरात माणसं दोन, तर एक किलो कैऱ्या पुरे. शहागंजातल्या करीमभाईंकडून त्या आणल्या, धुतल्या, आणि सुकायला कुठं ठेवाव्यात म्हणून गच्चीवर तो फळा आडवा टाकून त्यावर पंचा अंथरला. खाली ओट्यावर फोडी झाल्या. साहेबांनी मोठ्या रुबाबात मसाल्याची परात उचलली आणि सगळी पातेल्यात ओतली.

ओवी किंचाळली. "आबा! कैऱ्या अर्ध्या आणि मसाला पूर्ण!"

साहेब परात हातात धरून उभे. चूक झाली याचं दुःख करावं, की पोरीनं अर्धा-पूर्ण न सांगता ओळखलं याचा आनंद, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी हेल्मेट घालून शहागंज गाठलं. अजून एक किलो आणायच्या, तर "थोड्या जास्त असू द्याव्यात" म्हणून दीड किलो आणल्या.

"आता अडीच झाल्या," ओवी पातेल्याशी मांडी घालून बसली. बोटं हलत होती, ओठ हलत होते. मी भिंतीवरून मान लांब करून पाहत होतो. "दोन किलोला एक मसाला. मग अडीच किलोला... सव्वा! आबा, मसाला सव्वापट पाहिजे!"

"शाब्बास!" साहेब असे खूश झाले, की आत गेले, नवा सव्वापट मसाला कालवला आणि घेऊन येऊन तोही पातेल्यात ओतला.

या वेळची किंकाळी जालना रोडपर्यंत गेली असावी. "आबाऽऽ! एक आधीच घातला होता! फक्त पाव घालायचा होता!"

बाहेर चाळीस-बेचाळीसचं ऊन. साहेब खाली मान घालून बसले. सगळी तपासणी पार पडल्यावर मुख्याध्यापक बसतात, अगदी तसे. ओवीनं कपाळाला हात लावला, तिखटाचाच, आणि डोळे चोळत चोळत गणित मांडलं. "एक आणि सव्वा, सव्वादोन. त्याला कैऱ्या साडेचार लागतील. आहेत अडीच. दोन किलो आणा. आणि आबा..."

"काय?"

"बरोब्बर दोन."

करीमभाईंनी तिसऱ्यांदा तराजू उचलला. "साब, घर में शादी है क्या?"

"शादी नाय, करीमभाई," साहेब घाम पुसत म्हणाले, "गणित है."

एवढं लोणचं मावेल अशी बरणी साहेबांच्या घरात नव्हती. आमची गेली, समोरच्यांची आली. मागच्या गल्लीतल्या रुखसानाभाभी दोन बरण्या घेऊन आल्या आणि पातेलं पाहून तिथंच थबकल्या. "भाईसाब, ये अचार है के जायकवाडी? भरतेच जारा, भरतेच जारा!" ओवीनं त्यांना गंभीरपणे सांगितलं, की ही बरणी पाऊणच भरायची, वर तेलाला जागा लागते.

मे संपता संपता रश्मी आली. त्या संध्याकाळी आम्ही दोघं वाटी परत करण्याच्या निमित्तानं तिथं गेलो, वाटी नेमकी घरी विसरलो आणि तरीही बसून राहिलो. रश्मी टेबलापाशी बसली, ओवी समोर. साहेब सर्वांत मागं, दाराजवळच्या स्टुलावर. त्यांचा पाय एकसारखा हलत होता. पुढच्या उन्हाळ्यात या घरात पोरगी असणार का, ते आता ठरणार होतं.

"एकातून तीन चतुर्थांश गेले?" रश्मीनं विचारलं.

"पाव. टाकी भरायची राहिलेली."

"टू अँड वन फोर्थ, गुणिले दोन?"

"साडेचार." पोरगी विचार करायलाही थांबली नाही.

"इतक्या लवकर कसं काढलंस?"

"आबांनी लोणच्यात घालून दाखवलंय."

पुढं एक गणित चुकलं. साहेबांचा पाय थांबला. पण ओवीनं स्वतःच जीभ चावली आणि दुरुस्त केलं. रश्मीनं कागद बाजूला सारला आणि ताटलीतली लोणच्याची फोड तोंडात टाकली. डोळे मिटले, अगदी बापासारखे. ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

"अप्पा, शेरा," ती म्हणाली.

साहेब खरोखर उठून उभे राहिले.

"विद्यार्थिनीची प्रगती उत्तम. शिक्षक धांदरट. आई घालायची तो हिंग दोन्ही वेळा विसरलेला दिसून येतो." तिनं बोट चाटलं. "पुढच्या उन्हाळ्यात पुनर्तपासणी. विद्यार्थिनीसह."

साहेबांनी मान खाली घालून "बरं" म्हटलं. एवढंच. त्यांच्याकडून इतका छोटा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मायलेकींना बसमध्ये बसवून ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. मी ओट्यावर होतो. हेल्मेट काढता काढता ते माझ्याकडे आले, पण बसले नाहीत. गच्चीच्या कठड्यावर उभा करून ठेवलेला तो फळा दिसत होता, कैऱ्यांचे पिवळट डाग पडलेला.

"प्रकाशराव, मी हिच्या शाळेला एकच शेरा दिला होता."

"फळ्याचा वापर अपुरा," मी म्हटलं. गल्लीत कोणाला माहीत नव्हता तो?

"लिंबोळ्या नुसत्या मोजत नव्हती पोरं. पाव वाटा तुला, अर्धा मला, असं चाललं होतं. मी बघितलं होतं. कळलं मात्र आत्ता, लोणच्यात. शेरा बदलायचाय."

"बदलता येतो?"

"अधिकाऱ्याला नाय येत. एकदा दिला की दिला." त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "नवऱ्याला येत असंल."

"मग काय शेरा देता?"

त्यांनी गच्चीकडे पाहिलं. "फळ्याची गरज नव्हती."

आणि ते आपल्या घराकडे वळले. घरात सगळीकडे फरशी आहे आणि आत आता रागवायलाही कोणी नाही. तरी साहेबांनी दाराबाहेर थांबून बूट काढले, एकाशेजारी एक नीट लावून ठेवले, आणि मगच आत पाऊल टाकलं.