ज्वालामुखी न चढलेल्या माणसाचा सत्कार

डब्लिनजवळ ओंगारमधल्या घरात रविवारी दुपारी आमटी-भात चालू असताना श्रीरामरावांनी जाहीर केलं, की पुढच्या उन्हाळ्यात तेही ज्वालामुखी चढणार. जावयाबरोबर. सलीलचा घास हातातच राहिला. सासरे सत्तरीला टेकलेले, हृदयात दोन स्टेंट, आणि साताऱ्याहून लेकीकडे आले होते ते आराम करायला.

"बाबा, मी चढलो नाही हो," सलील म्हणाला.

"हेच आवडतं मला तुमचं," म्हणत श्रीरामरावांनी त्याच्या भातावर तूप वाढलं.

सलील खोटं बोलत नव्हता. ट्रेक आइसलंडमधल्या एका जाग्या ज्वालामुखीचा होता. गाइडमागून तीन दिवस ओसाड रानातून चालायचं, तंबूत झोपायचं आणि चौथ्या दिवशी धुमसत्या तोंडापर्यंत चढायचं. ग्रँड कॅनाल डॉकच्या त्याच्या ऑफिसात जो तो कुठेतरी चढत नाहीतर पळत असतो, म्हणून यानेही नाव घातलं. पहिल्याच दुपारी गुडघाभर पाण्याची नदी आली. पाणी बर्फाचं. सलील कसाबसा पलीकडे गेला, दगडावर बसला आणि रडायला लागला. चांगला हुंदके देऊन. गाइड म्हणजे नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरगी. तिने त्याची सॅक उचलली, नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला आणि सामानाच्या जीपमधून त्याला माघारी धाडलं. उरलेले दिवस त्याने गेस्ट हाउसात सूप पीत काढले. खिडकीतून डोंगराचा धूर दिसायचा. त्याचा एक फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षरही न लिहिता. तिथेच घात झाला.

आपल्या लोकांना रिकामी जागा बघवत नाही. फोटो साताऱ्याला पोचला तेव्हा त्यांच्या लेखी सलील पायथ्याशी होता. तिथून फिरून डब्लिनच्या मराठी मंडळात आला, तोवर तो पार तोंडाशी जाऊन आला होता. मंडळाचा अध्यक्ष अंबरीश. या गृहस्थाला दर कार्यक्रमाला सत्कारासाठी एक बळी लागतोच. आदल्याच दिवशी, शनिवारी त्याने सलीलला स्टेजवर ओढलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढे केला. सलीलने त्यात प्रामाणिकपणे सांगितलं, की मी काहीच केलेलं नाही, मी या सत्काराला पात्र नाही. आता सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक चोर आपल्याकडे हेच वाक्य म्हणतो. हॉल टाळ्यांनी दणाणला. "अहो, खरंच, मी परत आलो," तो कळवळून म्हणाला. टाळ्या दुप्पट झाल्या. ज्वालामुखीवरून परत आला, थट्टा आहे का?

मग अंबरीशने उभ्या उभ्या पुढच्या उन्हाळ्यात त्याच ज्वालामुखीवर मंडळाची मोहीम जाहीर केली, नेता अर्थातच सलील. पुढच्या शनिवारी नावं पक्की करायची.

रविवारी जेवणं झाल्यावर पूर्णिमाने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. ती डॉक्टर. आठवडाभर स्लायगोच्या हॉस्पिटलात, शनिवार-रविवार घरी. तिने बापाला धोका समजावून बघितला होता, पण लेक डॉक्टर झाली तरी बापाला ती लेकच.

"पुरे झाला तुझा विनय," ती म्हणाली. "बाबांना सरळ सांग, तुम्हाला नेत नाही."

सलीलने मोजे काढले. तिने पेशंटची पाहावी तशी टाच हातात घेऊन पाहिली. टाच लोण्यासारखी.

"चाललाच नाहीस?"

"नदीपर्यंत चाललो. मग रडलो."

"खूप?"

"गाइडचा रुमाल भिजला."

ती हसली असती तर बरं झालं असतं. "मी अख्ख्या वॉर्डात सांगितलंय रे," एवढंच ती म्हणाली. सलीलला वाटलं, त्या नदीत वाहून गेलो असतो तरी चाललं असतं.

पूर्णिमाने जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. रडण्यासकट. श्रीरामरावांचे डोळे भरून आले. नवरा नम्र आणि बायको त्याहून नम्र, असा जोडा शोधून सापडायचा नाही म्हणाले.

"खरं बोलून काही होणार नाही," ती परत येऊन म्हणाली. "तू फुशारकी मार. आपल्या माणसाला दुसऱ्याचं यश एकवेळ पचतं, पण ते त्याच्याच तोंडून ऐकलं की पोटात दुखतं."

शनिवारी सलील माइकपुढे उभा राहिला आणि सुटला. म्हणाला, मी धावत चढलो. गाइड दमली, तिची सॅक मी उचलली. ती रडायला लागली, तेव्हा रुमालही मीच दिला. "आणि स्पष्ट सांगतो, तुमच्यापैकी एकाच्याही बापाचं हे काम नाही."

मग मागून एका बाईंचा आवाज आला, की एवढा जोर आहे तर गणपतीत खुर्च्या उचलायच्या वेळी हा कुठे असतो? लोक हसले. एकाला अचानक रजा मिळेना, दुसऱ्याचा गुडघा दुखायला लागला, आणि बघता बघता मोहिमेत कुणी उरलं नाही. शेवटी श्रीरामराव उठले.

"सलीलराव, तुमच्याबरोबर मी बसस्टॉपपर्यंतसुद्धा येणार नाही," म्हणाले आणि तडक गाडीत जाऊन बसले. अपमानाने इतकं हलकं सलीलला आयुष्यात वाटलं नव्हतं.

हॉल रिकामा झाल्यावर अंबरीश जवळ आला. ओठाच्या कोपऱ्यात हसू.

"खरं सांग, गेलाच नव्हतास ना वर? मला फोटो बघूनच शंका आली होती. इट्स ग्रँड रे, काही बिघडत नाही, आपल्या दोघांत राहील."

आठवडाभर ज्याच्यासाठी तडफडला, तो खरं ऐकून घेणारा माणूस समोर उभा होता. फक्त 'नाही गेलो' म्हणायचं होतं.

"पार तोंडापर्यंत गेलो," सलील म्हणाला. "बुटाचे तळवे वितळायला आले होते."

अंबरीशने त्याचा खांदा थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा, आणि दिवे बंद करायला निघून गेला. मागे पूर्णिमा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबांचं काम मघाशीच झालं होतं," ती हळूच म्हणाली. "हे कुणासाठी बोललास?"

बुटांना नाड्या नव्हत्या, तरी सलील त्या बांधायला खाली वाकला.