सात शिंकांची हरिणी

एका जंगलात दोन जंगलं होती. एक खालचं आणि एक वरचं.

खालच्या जंगलात चिखल होता, गोचीड होते आणि पाणवठ्यावर रांग होती. वरचं जंगल पडद्यात होतं. प्रत्येकाच्या बिळात, ढोलीत, गुहेत एकेक पडदा होता. तो आला कुठून, असं विचारू नका. गोष्टीतली जनावरं बोलतात कशी, हे कधी विचारलं होतंत का? नाही ना? मग पडद्याबद्दलही गप्प बसा.

पडद्यासमोर बसलं की वरच्या जंगलात जाता येई. जाताना आपलं खरं रूप खाली ठेवायचं आणि वर हवं ते रूप घ्यायचं. नावसुद्धा हवं ते. वर भूक लागत नसे, काटा रुतत नसे. दोघं समोरासमोर आले तर आपटत नसत, एकमेकांच्या आरपार निघून जात. बोलणंही तोंडानं नसे. जे म्हणायचं ते डोक्यावर अक्षरांत उमटे. त्यामुळे वरचा कोण म्हणजे खालचा कोण, याचा पत्ता कुणाला लागत नसे.

आता सांगा पाहू, हवं ते रूप मिळणार म्हटल्यावर जनावरांनी कुठलं रूप घेतलं असेल?

शाब्बास. सगळे वाघ झाले.

ससे वाघ झाले. साळिंदरं वाघ झाली. पाणकोंबडी वाघ झाली आणि अंडी उबवायला खाली यायचं विसरली. चारशे बारा जनावरांपैकी चारशे दहा वाघ! उरलेल्या दोघांत एक होते गुंडोपंत. दुसऱ्याकडे नंतर येऊ. घाई करू नका.

गुंडोपंत जातीनं खवले मांजर. अंगावर खवले, पोटात मुंग्या आणि डोक्यात सिनेमा. स्वभाव मात्र फार हळवा. कुणी जरा नाव ठेवलं की पंत अंगाचं गाठोडं करून पडून राहत. त्यांचा एक चुलता टीका ऐकून अकरा दिवस उलगडला नव्हता.

पंतांनी ठरवलं, वरच्या जंगलात सिनेमा काढायचा. तिथे झाडं तयार होती. ऊन हवं तेवढं होतं. धुकं म्हटलं की धुकं पडे. पंतांनी स्वतःसाठी रूप घेतलं ते एका डोळ्याचं. नुसता डोळा. तो हवेत तरंगे, आणि त्याला जे दिसे ते जसंच्या तसं टिपलं जाई.

सिनेमाचं नाव 'हरिणी माझी एकुलती'. गोष्ट साधी होती. एक हरिणी असते. तिच्यामागे वाघ लागतात. ती पळते, पळते आणि शेवटी मरते. मग सगळं जंगल रडतं.

वाघ तर चिक्कार होते. पण हरिणी व्हायला कोण तयार होणार? पंतांनी वरच्या जंगलात पाटी लावली : 'हरिणी पाहिजे. पळता येणे आवश्यक. मरता येत असल्यास प्राधान्य.'

कुणी फिरकलं नाही. शेवटी पंत खाली उतरून खऱ्या हरणांच्या कळपाकडे गेले.

"पंत, आम्ही रोज तेच करतो," कळपातलं थोरलं हरीण म्हणालं. "विरंगुळा म्हणूनही तेच करायचं? मला वाघाचं काम द्या."

"वाघाचं मुख्य काम मी करणार," शकूताई मध्येच म्हणाल्या. "ते ठरलंय."

शकूताई म्हणजे भेकर. हरणांच्याच भाऊबंदकीतलं, पण बुटकं, आणि धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकणारं जनावर. शकूताईंनी उभा जन्म भुंकण्यात घालवला होता. वाघ दिसला की भुंकायचं आणि जंगल सावध करायचं. आभार मानायला कधी कुणी थांबलं नव्हतं, कारण तोवर सगळे पळालेले असत. आता वरच्या जंगलात त्या 'जबडेश्वर' नावाच्या वाघ होत्या आणि भलत्याच खूश होत्या. त्यांना कोण नाही म्हणणार?

आठव्या दिवशी पाटीखाली एक हरिणी येऊन उभी राहिली. डोक्यावर नाव : कुमारी मृदुला.

"मी येऊ का?" तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

"आधी कधी काम केलंय?" डोळ्यानं विचारलं.

"नाही. पण इतरांना पळताना खूप पाहिलंय."

पंतांनी तिला तिथल्या तिथे घेतलं.

आता तुम्हाला धीर धरवत नाही, म्हणून सांगून टाकतो. ही मृदुला म्हणजे वाघ. खरा वाघ. खालच्या जंगलातला एकुलता एक. म्हातारा झाला होता. तोंडात दोन दात उरले होते आणि ओढ्यातल्या खेकड्यांवर त्याचे दिवस चालले होते. पण हे ऐकून घ्यायला थांबतो कोण? तो खोकला तरी डोंगराची एक बाजू रिकामी होई. एकदा सशाचं पिल्लू वाट चुकलं होतं. ते कुठे आहे हे सांगायला वाघ सशाच्या दारात गेला, तर ससा उरलेली चार पिल्लंही सोडून पळाला.

वाघाची एकच इच्छा होती. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी, न पळता, आपल्या शेजारी बसावं. बस, एवढंच. हे नीट लक्षात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

चित्रण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी अडलं. वरच्या जंगलात हावभाव सहाच मिळत. हसणं, नाचणं, बसणं, पंजा हलवणं, जांभई आणि शिंक. रडणं नव्हतंच. ज्यांनी ते जंगल केलं त्यांना वाटलं असावं, इथे येऊन रडेल कोण?

"मग हरिणी मरताना करील काय?" पंत हताश झाले. "नाचेल?"

"शिंकून बघू?" मृदुलानं विचारलं.

तिनं सात शिंका दिल्या. सावकाश, एकेक करून, मान खाली घालत. सातव्या शिंकेनंतर ती उठलीच नाही. तरंगता डोळा थरथरला.

पाठलागाचा प्रसंग मात्र एकेचाळीस वेळा घ्यावा लागला. चारशे दहा वाघ हरिणीच्या मागे धावत आणि थांबता न आल्यानं तिच्या आरपार पुढे निघून जात. मग हरिणीच वाघांचा पाठलाग करत्येय असं दिसे. एक वाघ झाडाच्या खोडात अडकला आणि त्याचं नुसतं तोंड बाहेर राहिलं. कुणी मध्येच जेवायला उठलं की त्याचा वाघ मान टाकून उभ्या उभ्या झोपी जाई. सकाळी न्याहारीच्या वेळी पाहावं तर सगळं मैदान पेंगणाऱ्या वाघांनी भरलेलं.

आणखी एक भानगड होती. मृदुला वीस पावलं पळाली की थांबे, उजवीकडे मान वळवून मागे पाही आणि मग पुन्हा पळे.

"वळून बघताना जरा घाबरा की!" पंत म्हणाले.

"मी घाबरून नाही बघत," मृदुला म्हणाली. "मागे कुणी येतंय ना, ते बघते."

पंतांना काही कळलं नाही, पण दिसायला छान दिसतं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं.

सिनेमा लागला आणि जंगल वेडं झालं. सगळ्यांनी तो नऊ-नऊ वेळा पाहिला. दुःख झालं की शिंकायचं, अशी रीतच पडली. रानडुकराची आजी वारली तेव्हा तिच्या बिऱ्हाडी इतक्या शिंका झाल्या की आजी एकदा उठून बसली, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

आता इतकं नाव झाल्यावर सत्कार नको? जंगलात वनचर हौशी कलामंडळ होतं आणि गवा त्याचा अध्यक्ष होता. सत्कार केल्याशिवाय गव्याला अन्न गोड लागत नसे.

"कुमारी मृदुला यांचा जाहीर सत्कार!" गव्यानं सांगून टाकलं. "खाली, करवंदीच्या माळावर, सकाळी दहाला. वर शाल घातली तर ती आरपार जाते. शाल-श्रीफळ शकूताईंच्या हस्ते."

निमंत्रण वाघाच्या पडद्यावर आलं. त्यानं ते चौदा वेळा वाचलं. मग उत्तर लिहिलं : 'येईन. पण मी दिसायला जरा वेगळी आहे.'

'आम्ही कलावंताचं मन पाहतो,' मंडळानं कळवलं. 'रूप पाहत नाही.'

वाघानं तीन दिवस ओढ्यात अंग घासलं. मिशा विंचरल्या. आणि सत्काराच्या सकाळी तो करवंदीच्या माळावर येऊन उभा राहिला. समोर चारशे जनावरं. वाघानं डोळे मिटले आणि पळापळीचा आवाज येण्याची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

का, माहीत आहे? अहो, सहा महिने ही मंडळी उठता-बसता वाघच पाहत होती! त्यांना वाघाचं काय अप्रूप?

"आणखी एक आला," ससा जांभई देत म्हणाला.

"पट्टे बरे जमलेत," साळिंदर म्हणालं. "मिशी थोडी जास्त झालीये."

"वाससुद्धा येतोय! नवीन सोय निघाली वाटतं."

"उभे का? बसा ना इथे," शकूताईंनी सरकून जागा केली. "मुख्य पाहुण्या यायच्यात अजून."

वाघ बसला. त्याच्या आणि शकूताईंच्या मध्ये एका वितीचं अंतर होतं. इतक्या जवळ गेल्या कित्येक वर्षांत फक्त खेकडे आले होते, आणि तेही नाइलाजानं.

तो तसाच गप्प बसला असता तर ही गोष्ट इथेच गोड झाली असती. पण गव्यानं गळा साफ केला.

"मृदुलाताई आल्या असतील तर त्यांनी पुढे यावं."

वाघ उठला. "मीच मृदुला."

सगळा माळ हसला.

"अहो, तुम्ही वाघ आहात," गवा समजुतीच्या सुरात म्हणाला.

"हो, आहे."

"मग हरिणी कशा असाल?"

"थांबा," शकूताई म्हणाल्या. "मी एकेचाळीस वेळा तिच्यामागे धावल्येय. तिची पळण्याची ढब मला पाठ आहे. पळून दाखवा हो!"

वाघ पळाला. पाठीवर शाल टाकून शकूताई त्याच्यामागे धावल्या. त्यांच्यामागे सगळा माळ धावला. गवा नारळ सांभाळत सर्वांत शेवटी.

वीस पावलं झाली आणि वाघानं उजवीकडे मान वळवून मागे पाहिलं.

"तीच! तीच!" पंत ओरडले. "मृदुलाताई!"

आणि वाघाला काय दिसलं? सगळे येत होते. चारशेच्या चारशे, आनंदानं ओरडत, त्याच्या मागे येत होते! सिनेमा विसरून तो जागच्या जागी उभा राहिला.

शकूताई थांबल्या नाहीत. थांबायचं कशाला? नेहमीसारखं आरपार जायचं.

धाडकन!

शकूताई आरपार गेल्या नाहीत. त्यांचं नाक पट्ट्यांत रुतलं. ते पट्टे गरम होते. आत काहीतरी धडधडत होतं. त्यांनी हळूच वर पाहिलं. वर दोन दात होते आणि वाघ त्यांच्याकडे पाहून हसत होता.

सहा महिने साठलेलं भुंकणं शकूताईंच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"भ्यॉक!"

डोळ्याचं पातं लवायच्या आत माळ मोकळा झाला. ससे गेले, हरणं गेली, गवा नारळ टाकून गेला. पंतांनी गाठोडं केलं आणि ते उतारावरून गडगडत गेले. जाताना "कट, कट" म्हणत होते.

वाघानं पुन्हा एकदा मान वळवून पाहिलं. सवयच लागली होती त्याला. मागे कुणी नव्हतं. करवंदीच्या जाळीला शाल अडकली होती. ती त्यानं स्वतःच खांद्यावर घेतली. नारळ दातांनी फुटण्यातला नव्हता.

मग त्या रिकाम्या माळावर बसून वाघ शिंकला. सात वेळा. सावकाश, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी वर जावं की नाही, हे त्याला दुपारपर्यंत ठरवता येईना. शेवटी गेला. वर कुणी पळालं नाही. चारशे दहा वाघांना एका हरिणीची कसली भीती? पाटीखाली जबडेश्वर उभे होते.

"काल जरा घाईत निघाले," जबडेश्वरांच्या डोक्यावर अक्षरं आली. "चुलीवर दूध होतं."

"असू दे."

"शाल मिळाली ना?"

"मिळाली. उबदार आहे."

"लांबून शिंका ऐकू आल्या. सर्दी झालीये का तुम्हाला?"

"थोडीशी," मृदुला म्हणाली.

जबडेश्वरांच्या डोक्यावर अक्षरं उमटली आणि पुसली. पुन्हा उमटली, पुन्हा पुसली. शेवटी त्यांनी बोलायचं सोडून दिलं आणि सहांपैकी तिसरा हावभाव दाबला. बसणं. त्यांचा अंदाज चुकला आणि ते निम्मे मृदुलाच्या अंगातच बसले.

दोघंही हलली नाहीत. संध्याकाळ होईपर्यंत तशीच बसून राहिली.

तात्पर्य : मुलांनो, ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांच्या आरपार जावं, त्यांना धडकू नये. धडक बसली की समोरचा खरा आहे हे कळतं, आणि मग पळण्यावाचून इलाज राहत नाही. नारळ अजून माळावरच पडला आहे. ज्याला दात असतील त्यानं घेऊन जावा.