मारुतीराव वकिलांना आलेली जाग

मारुतीराव किणेकर वकील भात कालवायला घेत आणि पहिला घास तोंडाशी जाण्याआधीच झोपी जात. टिळकवाडीतल्या त्यांच्या घरी याचं कोणाला विशेष वाटत नसे. त्यांच्या आई अक्काताई शांतपणे तो घास पुन्हा ताटात ठेवीत, बायको अंजनी पाण्याचं भांडं लांब सरकवी, आणि पाळण्यातलं बाळ बापाचं घोरणं ऐकून एकदाचं डोळे मिटी. दुसरी कुठलीही अंगाई त्या बाळाला मंजूर नव्हती.

"अहो, जेवताना तरी."

"मी जागा आहे," मारुतीराव डोळे न उघडता म्हणत. "विचार चाललाय."

कोर्टातही त्यांचा विचार असाच चाले. साक्षीदार उभा राहिला की यांची मान खाली. खानापूरकडचे पक्षकार एकमेकांना सांगत, "आमचं सायेब डोळं मिटून कायदा वाचत्यात." आश्चर्य म्हणजे ते बहुतेक दावे जिंकत. हे कसं होतं, हे बार रूममध्ये कोणाला उमगलं नव्हतं आणि मारुतीरावांना तर मुळीच नाही.

अंजनी बी.ए. झाली होती आणि तिचा विषय तर्कशास्त्र होता. त्यामुळे कुठल्याही लहान गोष्टीवरून ती तीन पायऱ्यांत सर्वनाशापर्यंत पोचे. त्यातून चैत्रातल्या हळदीकुंकवाला तम्मण्णा वकिलांच्या बायकोने, जयवंताबाईंनी, तिच्या हातात पन्ह्याचा पेला देताना आवाज मुद्दाम हळू केला. एवढा हळू, की ओळीतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू यावा.

"बाळ रात्रभर जागवतं वाटतं? आमचे हे सांगत होते, किणेकर वकील कोर्टात झोप भरून काढतात म्हणे. नवे मुन्सफ फार कडक आहेत हो. मला आपली तुमची काळजी."

घरी येईपर्यंत अंजनीच्या मनात सनद गेली होती, पक्षकार गेले होते आणि बाळ कुणाच्या तरी वखारीत तंबाखू निवडत बसलं होतं.

नेमका दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ शामू आला. लढाई संपवून ब्रह्मदेशातून परतलेला. त्याने खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली.

"ताई, बेंझेड्रीन म्हंत्यात हिला. ह्या गोळीवर आमी लॉऱ्या हाकल्यात. झोप न्हाय, भूक न्हाय. ध्यान तर असं, की रस्त्यावरचा खडा न् खडा दिसतोय. दाजींना अर्धीच दे पण."

"डॉक्टरांना विचारायला नको?"

"आमच्या डॉक्टरनंच वाटल्यात की. त्यो बी खातोय."

डबीवर दुष्परिणाम काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे अंजनीची काळजी दुप्पट झाली. पण नागोजी नावाच्या पक्षकाराचा दावा दोन दिवसांवर आला होता आणि मुन्सफ कडक होते. तिने नवऱ्याला सगळं नीट समजावून सांगितलं. ते "हं" म्हणाले. त्या घरातले सगळे मोठे निर्णय याच "हं"वर झाले होते.

तारखेच्या दिवशी सकाळी तिने मोजून अर्धी गोळी दिली. ती बाळाला न्हाऊ घालायला गेल्यावर अक्काताईंनी उरलेली अर्धी आणि शिवाय एक अख्खी मुलाच्या हातावर ठेवली. "पोट साफ करायची विलायती गोळी असंल. अर्धीनं काय हुतंय?"

कोर्टाच्या वाटेवर मारुतीरावांना जाग आली. नुसती नव्हे, भरभरून आली. टांगेवाल्याला घोड्याचा डावा नाल ढिला असल्याचं सांगून ते कोर्टात शिरले ते डोळे विस्फारूनच. समोरचे वकील तम्मण्णा दचकले.

दावा फणसाच्या झाडाचा होता. नागोजी आणि त्याचा चुलतभाऊ मष्णू यांच्या शेतांमध्ये बांध, बांधाला लागून फणस, आणि फणस नागोजीच्या बाजूला. मष्णूचं म्हणणं, नागोजीने बांध सरकवलाय, झाड माझं.

आजवर व्हायचं ते असं. साक्षीदार पिंजऱ्यात यायचा, मारुतीराव झोपायचे. आता हा काय विचारणार, का विचारीत नाही, ह्याला सगळं कळलंय की काय, या धास्तीने साक्षीदाराला घाम फुटायचा आणि न विचारलेलं सगळं तो आपणहून ओकायचा. आज मष्णूवर ती वेळच आली नाही. मारुतीरावांनी त्याला इतके प्रश्न विचारले, की एकाचं उत्तर देईपर्यंत पुढचे तीन येत. मष्णूला तोंड उघडायचीच संधी मिळाली नाही आणि तो सहीसलामत सुटला.

पण मारुतीरावांचं ध्यान अजून शिल्लक होतं. ते नागोजीकडे वळलं.

"नागोजी, बांध कुणी घातला?"

"आमच्या आज्यानं, सायेब."

"मघाशी बांधाचे दगड वाहताना पाठ धरली म्हणालास ती कुणाची?"

"माझी की. अजून दुखतीया."

"आज्याच्या वेळी तुला पाठ होती?"

नागोजीने हात जोडले. "सायेब, तुमी आमच्याकडनं हाईसा न्हवं?"

मुन्सफांनी मारुतीरावांचं कौतुक केलं. असा सत्याला जागणारा वकील आपण पाहिला नाही, म्हणाले आणि पुढली तारीख दिली.

घरी येऊन मारुतीरावांनी फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले, अक्काताईंना त्यांच्या भजनातल्या चुका दाखवल्या आणि रात्रभर बोलत राहिले. घोरणं नाही म्हणून बाळही जागं. एरवी त्या घरात एकटी अंजनी झोपत नसे. त्या रात्री तिला सोबत मिळाली.

सकाळी नागोजी दारात. चेहरा असा, की घरात कोणी गेलंय.

"वैनीसायेब, सायेबांची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. का?"

"काल जागं हुते म्हणून इचारलं. झोपल्यात तंवर समोरचा माणूस भितोय बघा. मष्णू घरात मला म्हणालता, त्यो झोपणारा वकील लई वंगाळ. पुढल्या तारखेला झोपणार असतील तर हाय, न्हायतर मी तम्मण्णा वकिलाकडं जातो. त्यो मष्णूचा वकील हाय खरं, पर निदान त्याच्या माणसाला तरी बुडवत न्हाय."

तर्कशास्त्र कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. नागोजी गेल्यावर अंजनीने डबी पदरात घेतली आणि सरळ जयवंताबाईंच्या घरी गेली.

"तुमचं त्या दिवशीचं बोलणं फार उपयोगी पडलं हो," ती म्हणाली. "काल मुन्सफांनी भर कोर्टात ह्यांचं कौतुक केलं. ह्या जागं ठेवणाऱ्या गोळ्यांचा प्रताप. आम्हाला आता नकोत. मला आपली तुमची काळजी. अर्धीच द्या बरं."

जयवंताबाईंनी किती दिली ते कळलं नाही. मात्र पुढल्या तारखेला मारुतीराव खुर्चीत टेकताच घोरू लागले आणि तम्मण्णा वकील ताठ उभे राहून आपल्याच पक्षकाराला विचारू लागले.

"मष्णू, फणसाचं रोप कुठनं आणलंस?"

"नागोजीच्या परसातनं."

"त्यानं दिलं?"

"द्यायला कशाला पायजे? चुलतभावाचंच हाय की."

जमीन एकाची, रोप दुसऱ्याचं आणि लबाडी दोघांची, म्हणून मुन्सफांनी फणस सामाईक ठरवला. एक साल नागोजीने खावा, एक साल मष्णूने. पहिलं साल नागोजीचं. तो खांद्यावर भला मोठा फणस घेऊन टिळकवाडीत आला, मारुतीरावांच्या पाया पडला आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून चोरपावलांनी गेला.

दुपारी ओसरीवर मारुतीराव घोरत होते. पाळण्यात बाळ गाढ झोपलं होतं. अक्काताई फणसाचे गरे काढता काढता पेंगत होत्या.

अंजनी उंबऱ्यात बसली होती. घोरणं मधेच थांबलं तर बाळ उठेल, बाळ उठलं तर हे उठतील आणि हे उठले तर पक्षकार जातील, म्हणून ती तिघांवर डोळे लावून होती. तिला गोळी लागत नव्हती.