टेलेक्सवरचा किल्लेदार

“समोरचीला जागा ठेव गो! सगला तूच गायलीस तं ती काय मासं मोजीत बसंल?”

मैनाआत्याचा हा आवाज शांतारामने किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका लग्नमांडवात ऐकला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आत्या लग्नात गाणारी. नवरीकडच्या बायका गाण्यातून चिमटा काढायच्या आणि नवऱ्याकडच्या बायका तो गाण्यातूनच परत करायच्या.

वरमाई आली दारी, नाकात नथ मोठी,
सांग गो बाय आमाला, खरी का ती खोटी?

की लगेच पलीकडून,

नथ माझी खरी गो, सोनारानं घडवली,
जेवाया आलो आमी, तं कोंबडी कुठं दडवली?

त्या दिवशी नव्याने गायला बसलेल्या एका पोरीने वरमाईची नथ खोटी ठरवली, वरमाईला रडवलं आणि घरीही पाठवून दिलं, सगळं एका दमात. पलीकडच्या बायका तोंडाकडे बघत राहिल्या. गाणं तिथंच विझलं. तेव्हा आत्या ओरडली होती.

पंचवीस वर्षांनी, शहाऐंशीच्या मे महिन्यात, तोच आवाज शांतारामच्या कानात पुन्हा उठला. आता तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका कारखान्यात टेलेक्स ऑपरेटर होता, आणि समोरच्या यंत्राने नुकतंच खडखडत छापलं होतं:

“तुमच्या किल्लेदाराने आज पुन्हा एकट्याने चारशे शत्रू मारले. मग माझ्या राणीने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?”

टेलेक्स म्हणजे टाइपरायटरचं टेलिफोनशी लग्न लावून दिलेलं. इकडे बडवलेलं अक्षर त्याच क्षणी मुंबईच्या हेड ऑफिसात कागदावर उमटायचं. अक्षरं इंग्रजी, तीही सगळी मोठी. त्यातच कसंबसं मराठी बसवायचं. मुंबईच्या यंत्रावर मंदा बसायची. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी लाइन तपासताना शांतारामने गमतीत लिहिलं, “गडावरून किल्लेदार बोलतो.” पलीकडून उत्तर आलं, “राणी ऐकते आहे.” तेव्हापासून रोज दुपारी अडीचला, कारखान्याचा अधिकृत अहवाल पाठवून झाला की त्याच कागदावर खाली दहा-बारा ओळी गडाच्या. एक खेळी त्याची, एक तिची. मंदा मग पट्टी लावून कागद फाडायची. वरचा तुकडा मोठ्या साहेबांच्या ट्रेमध्ये, खालचा तिच्या पर्समध्ये.

पण हल्ली राणीच्या ओळी आखूड होत चालल्या होत्या. काल तर फक्त “बरं” एवढंच आलं होतं.

“मग कसं लिहू?” शांतारामने विचारलं.

“तुमचा किल्लेदार कधी जेवतो का? त्याला कधी ठसका लागतो का? तो कधी हरत नाही, म्हणून मला त्याची काळजीच वाटत नाही. आणि माझ्या राणीला काय वाटलं ते तुम्ही लिहू नका, ते मी लिहीन. तुम्ही जे रोज बघता त्यातलं काहीतरी द्या त्याला. एखादं दुखणं द्या. एखादी लाज द्या. मी उद्यापासून चार दिवस नाशिकला, मावसबहिणीच्या लग्नाला जाते आहे. तोवर विचार करा.”

या शेवटच्या दोन ओळी यंत्राने छापल्या नेमक्या तेव्हा, जेव्हा शांताराम मुकादमाला सही द्यायला बाहेर गेला होता. परत आला, तेव्हा त्याने कागद वरपासून ‘लाज द्या’पर्यंत वाचला. त्याखालचं गुंडाळलं गेलं होतं.

तो विचार करू लागला. रोज बघतो ते काय? खिडकीतून दिसायचं ते गोदामामागचं मैदान. तिथे ताडपत्र्या अंथरल्या होत्या, आणि त्यांवर लाल रंगाचा ओला लगदा, दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालावेत तसा. कारखान्याचा ड्रायर, म्हणजे रंग वाळवायचं यंत्र, तीन आठवड्यांपूर्वी बंद पडला होता. तेव्हापासून दिवसपाळीची माणसं उन्हात उभी राहून फावड्यांनी रंग उलटापालटा करत होती. वाऱ्याने रंग उडायचा. आवारातली कुत्री लाल झाली होती. आणि रोज अडीच वाजता शांताराम मुंबईला कळवत होता, “ड्रायर उत्तम चालू. उत्पादन नेहमीप्रमाणे.” कारण मॅनेजर खंडेराव तसं सांगत.

शांतारामला बोलायची सोय नव्हती. चार वर्षं तो हंगामी होता. घरी, चिंचणीत, कोणी विचारलं, “नोकरी कशी हाय रं?” तर त्याला “हाय” एवढंच म्हणता यायचं, “कायम हाय” नाही. खंडेराव दर महिन्याला सांगत, “येईल लेका, मुंबईहून पत्र येईल. आलं की तुझ्या हातात.”

दुसऱ्या दिवशी अहवालाखाली त्याने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिहिलं.

“किल्लेदार रोज राजाला कळवतो, महादरवाजा ठीक आहे. दरवाजा तीन आठवडे मोडून पडला आहे. शिपाई उन्हात उभे राहून पाठीने तो धरून ठेवतात. संध्याकाळी त्यांच्या पाठी किल्लेदार बघत नाही, बघितल्या तर जेवण जात नाही. राणीसाहेब, तुम्हीच सांगा, राजाला हे कोणी कळवावं?”

शेवटी प्रश्न. समोरचीला जागा. शांताराम स्वतःवरच खूश झाला. मंदाचं उत्तर आलं नाही. विचार करत असेल, असं त्याला वाटलं.

मंदा नाशिकला होती. तिच्या जागी हिशेबखात्यातले एक गृहस्थ बसले होते. कागद कुठे फाडायचा हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी तो अख्खा मोठ्या साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यंत्र खडखडलं. “किल्लेदाराने दरवाजा ठीक असल्याचे का कळवले? मॅनेजरने खुलासा करावा.” खाली मोठ्या साहेबांचं नाव. गडाच्या ओळी थेट साहेबांपर्यंत पोचल्या होत्या, हे शांतारामला कळलं. पण टेलेक्स आला की तो पोचवायचा, ही त्याची नोकरी होती. त्याने तो खंडेरावांच्या टेबलावर ठेवला.

खंडेराव साताऱ्याकडचे, मिश्या भरदार, आवाज त्याहून भरदार. त्यांनी तीनदा वाचलं.

“किल्लेदार कोण रे? पॅकिंगला होता तो?”

“तो दिवाळीत सोडून गेला, साहेब.”

“मग दरवाजा?” खंडेराव उठले. “आरं, कुणीतरी वर चुगली केली गेटबद्दल! गंजलंय म्हणून! जिवल्याला बोलव.”

जिवल्या डोंगरातल्या पाड्यावरचा, फिटरचा मदतनीस. त्याला हिरव्या ऑइलपेंटचा डबा मिळाला आणि हुकूम मिळाला, “सगळं गेट रंगव. काही सोडू नको.” अकराला मुंबईला कळवलं गेलं, “दरवाजा रंगवला.”

सव्वाअकराला उत्तर आलं, “रंग लावल्याने दरवाजा धरणाऱ्या शिपायांच्या पाठी बऱ्या होतात काय?”

“शिपाई?” खंडेराव घामाघूम झाले. “वॉचमनची पाठ दुखतीय? ती मुंबईला कशी कळली?”

वॉचमनला बोलावलं. त्याची पाठ दुखत नव्हती. पण साहेब एवढ्या काळजीने विचारतात म्हटल्यावर दुखायला लागली. त्याला दोन दिवस रजा देऊन घरी पाठवलं. “शिपायास रजा दिली,” असं मुंबईला गेलं. तेवढ्यात गेटबाहेर दुपारपाळीची बस येऊन हॉर्न मारू लागली. गेट काही उघडेना.

“जिवल्या, उघड की!”

“सायेब, कुलूप उगडत नाय.”

“का उघडत नाही?”

“तुमी म्हनलाव काय सोडू नको. मी कुलूपपन रंगवला. चावीच्या भोकात रंग गेला, तो तिथंच थिजला.”

“आणि चावी?”

“ती पन रंगवली, सायेब. बेस दिसते.”

पन्नास माणसं उन्हात बाहेर, चाळीस आत, मध्ये बस हॉर्न मारतेय आणि एक लाल कुत्रं हिरव्या गेटला अंग घासून दुरंगी होऊन फिरतंय, अशा वेळी मुंबईहून तिसरा टेलेक्स आला: “मी यंत्रापाशी बसलो आहे. किल्लेदाराला समोर आणा.”

शांतारामला आता राहवेना. “साहेब,” तो म्हणाला, “किल्लेदार मी आहे.”

त्याने सगळं सांगितलं. गड, राणी, मंदा, पट्टीने फाडायचा कागद, ताडपत्री, पाठी. खंडेरावांचा चेहरा ताडपत्रीवरच्या रंगासारखा होत गेला.

“म्हणजे माझा ड्रायर तू गोष्टीत घातलास?”

“दुसरं काही रोज दिसत नाही, साहेब.”

“बस यंत्रावर. लिही. सदर मजकूर हा टेलेक्स ऑपरेटरचा खोडसाळपणा आहे. त्याला आजच कामावरून कमी करतो.”

“साहेब, हे मीच लिहू?”

“मग कोण लिहिणार? मला येतंय का हे यंत्र?”

शांतारामने लिहिलं. एकही अक्षर चुकवलं नाही. पलीकडून खडखडाट. “ठीक आहे. पण जाण्याआधी किल्लेदाराने सांगावे. दरवाजा उभा आहे की पडला?”

“लिही, उभा आहे. भक्कम.”

शांतारामने लिहिलं. यंत्र मुकं झालं. नुसतं घुं घुं करत राहिलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाहेर बसचा हॉर्न थांबला.

“काय झालं रे? लाइन गेली?”

“लाइन आहे, साहेब. पण असं लिहिलं की समोरचा गप्पच बसतो. त्याला बोलायला काही उरत नाही. मला चार महिने हेच कळत नव्हतं.”

“मग काय लिहायचं असतं?”

“किल्लेदाराला जरा हरू द्यायचं असतं.”

खंडेराव स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग हळू म्हणाले, “तू लिही. तुझ्या किल्लेदाराच्या तोंडून. माझं नाव नको.”

शांतारामची बोटं चालू लागली. “महाराज, दरवाजा पडला आहे. शिपाई चांगले आहेत, त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. पण ऊन फार आहे, आणि पावसाळा आला की पाठींनी दरवाजा धरता येणार नाही.”

खडखडाट लगेच. “किती दिवस?”

“आठ म्हण,” खंडेराव म्हणाले.

शांतारामने नुसतं बघितलं.

“बरं, पंधरा.”

शांतारामची बोटं हवेतच.

“एकवीस, लेका, एकवीस! बघतोस काय असा, माझ्या आत्यासारखा?”

एकवीस गेले. पलीकडून एकच ओळ आली. “किल्लेदाराने मला का सांगितले नाही?”

खंडेरावांनी शांतारामला हाताने बाजूला सारलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, स्वतः बडवायला लागले. एवढ्या वेळात दांडीला जाऊन आलं असतं कोणी. कागदावर उमटलं:

“दरवाजा नाही, ड्रायर. किल्लेदार नाही, मी खंडेराव. तेल घालायचे राहिले, गिअरबॉक्स गेला. चूक माझी. वाटले, तुम्हाला कळायच्या आत नीट करू.”

यंत्र घुं घुं करत राहिलं. मग आलं ते सलग आलं.

“नवा गिअरबॉक्स आणि मिस्त्री उद्या सकाळी पोचतील. ताडपत्र्या आजच गुंडाळा. वर्षभर रोज सगळे ठीक वाचून मला धास्ती वाटू लागली होती. इतके ठीक कुठेच नसते. ऑपरेटरला काढू नका. गडाच्या कार्बन प्रती मी आज वाचल्या. त्याची राणी सोमवारी कामावर येते, ती मला जाब विचारील. आणि राजा असा नुसता प्रश्न विचारणारा नसतो हे त्याला सांगा. राजालाही कधी ठसका लागतो.”

बाहेर जिवल्याने पहारीने कुलूप तोडलं. हिरवं गेट कुरकुरत उघडलं आणि पन्नास माणसं हसत, हातांना रंग लागू नये म्हणून अंग चोरत आत आली. शांतारामने कागद यंत्रातून काढला. वरचा तुकडा कुठे ठेवायचा, खालचा कुठे, हे त्याला कळेना. सगळं एकच झालं होतं. त्याने तो न फाडता घडी घातला.

खंडेराव दारापर्यंत गेले, तिथं थांबले. पाठमोरेच.

“शांताराम.”

“जी, साहेब.”

“तुझं कायमचं पत्र आलंय. ड्रायर बंद पडला त्याच दिवशीच्या टपालानं. मी दाबून ठेवलं.” त्यांचा भरदार आवाज एवढुसा झाला होता. “वाटलं, कायम झालास की हे खोटं बडवायला तू नाही म्हणशील. आणि खरं सांगू? तू नाही म्हणावंस, असंच रोज वाटायचं रे मला.”