साहेबांचा ड्रॅगन

उपव्यवस्थापकाची जागा मिळाली तर पदरात काय काय पडेल, याची मोजदाद तपासनिसाने मनातल्या मनात कितीदा तरी केली होती. एक तर खोली, आणि खोलीला दार. मग समोर उभ्या माणसाला "बसा" म्हणण्याचा, किंवा न म्हणण्याचा, अधिकार. आणि सगळ्यात गोड म्हणजे फायलीच्या कोपऱ्यात 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द लिहून ती खाली ढकलून द्यायची मुभा. विमा कंपनीच्या दावे विभागात अठरा वर्षं हे दोन शब्द त्याने वरून येताना पाहिले होते. चर्चा कुणी करायची, कुणाशी करायची, हे आजवर कुणालाच उमगलं नव्हतं. पण लिहिणाऱ्याचं काम तिथेच संपतं, हे त्याला पक्कं उमगलं होतं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होती फक्त शनिवार दुपारची झोप.

कारण असं, की त्या जागेसाठी दोनच नावं चर्चेत होती: एक त्याचं आणि दुसरं आवक-जावकच्या बाईंचं. आणि शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की बाई गेले तीन महिने थेट साहेबांच्या घरी जातात, ही बातमी त्याला आता लागली होती. जाऊन काय करतात? तर गुहेत शिरतात.

साहेबांना एक खेळ खेळवायचा नाद होता. टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, ते अर्थात साहेब. बाकीच्यांनी कुणी मांत्रिक व्हायचं, कुणी योद्धा, कुणी चोर. सूत्रधाराने सांगायचं, समोर गुहा आहे. खेळणाऱ्यांनी सांगायचं, आम्ही आत शिरतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. वाटेतली भुतं, राक्षस, पहारेकरी या सगळ्यांच्या वतीने बोलायचं तेही साहेबांनीच. म्हणजे ऑफिसातल्यासारखंच, फरक इतकाच की इथे ते आवाज बदलून बोलत.

"मलाही यायला आवडेल, साहेब," तपासनीस एका सहीच्या वेळी म्हणाला. "लहानपणापासून मला ड्रॅगनची फार आवड."

घरी बायकोने हे ऐकलं आणि पोळी तव्यावर तशीच राहू दिली. "माझ्या भावाकडे यायचं म्हटलं की तुमची पाठ धरते. आणि आता गुहेत वाकून शिरायला जमणार?"

"अगं, बसूनच शिरायचंय."

"मग ठीक. बसून करायच्या कामात तुमचा हात कुणी धरणार नाही."

शनिवारी साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर चौकटीच्या कागदावर काढलेला नकाशा पसरला होता. टेबलाच्या एका टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा आणि त्यामागे साहेब. डावीकडे आवक-जावकच्या बाई, त्या मांत्रिक. उजवीकडे साहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या वैद्य.

"तुम्हाला कोण व्हायला आवडेल?" साहेबांनी विचारलं.

"साहेब म्हणतील ते."

"अहो, तुम्ही ठरवा!"

"मग साहेबांना जे वाटतं, तेच मी ठरवतो."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि त्याला चोर केलं. मग पेन्सिल वर धरून नियम सांगितला. "एकच लक्षात ठेवा. टेबलावर बोललं की झालं. 'मी गंमत केली', 'मला तसं म्हणायचं नव्हतं', काही चालणार नाही. तोंडातून गेलं की ते घडलं."

"उत्तम नियम आहे," तपासनीस म्हणाला. बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे पाहिलं.

पुढचा तासभर तो अत्यंत जपून खेळला. साहेब म्हणाले, समोर लोखंडी दार आहे. तो म्हणाला, फार छान दार आहे. साहेब म्हणाले, खड्ड्यातून विषारी वाफ येतेय. तो म्हणाला, व्यवस्था चोख दिसते. वाटेत एका सांगाड्याने तलवार उपसली. बाई ओरडल्या, "अहो, मारा ना त्याला! तुमच्या पुढ्यात आहे!"

"साहेबांचा सांगाडा आहे तो," तपासनीस हळूच म्हणाला. "बरं दिसत नाही."

शेवटी तो सांगाडा वहिनींना, म्हणजे वैद्याला, औषधाच्या खलबत्त्याने फोडावा लागला.

गुहेच्या तळाशी तीनशे वर्षांचा ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर झोपला होता. बेत असा होता की चोराने पुढे जाऊन त्याला बोलण्यात गुंतवायचं, बाईंनी आणि वहिनींनी खांबांमागे दबा धरायचा आणि ऐन वेळी झडप घालायची. बेत बाईंचा, तीन महिने त्या या क्षणाची वाट बघत होत्या. ड्रॅगन जागा झाला. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, मान खाली घातली आणि पोटातून खर्जातला आवाज काढला.

"एकटाच आलास? खरं सांग. बाकीचे कुठे आहेत?"

आता आवाज कितीही खर्जातला असला, तरी विचारणारे साहेब होते. अठरा वर्षांत साहेबांनी विचारलं आणि तपासनिसाने सांगितलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

"दोघी आहेत, साहेब. बाई डावीकडच्या खांबामागे, वहिनी उजवीकडच्या. बाईंचा मोठा मंत्र मघाशीच वापरून झालाय, त्यांच्याकडे आता फक्त दिवा लावायचा मंत्र उरलाय. वहिनींच्या चिलखताला मागून बंद नाहीत."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अहो, ते मी नाही, ड्रॅगन विचारतोय!" साहेब आपल्या आवाजात म्हणाले.

"म्हणूनच सविस्तर सांगितलं."

बोललं की झालं. साहेबांनी जड मनाने फासा टाकला. ड्रॅगनने डावीकडे एक फूत्कार टाकला, उजवीकडे एक. तीन महिने वाढवलेली मांत्रिक आणि तिच्याबरोबर वैद्य, दोघींची राख झाली. चोराला ड्रॅगनने सहकार्याबद्दल सोडून दिलं.

"चहा?" साहेबांनी आशेने विचारलं.

"वैद्य मेली," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतरचा आठवडा तपासनिसाच्या नशिबी कुणी लिहिला कोण जाणे. आवक-जावकला त्याच्या टेबलाचं टपाल सापडेनासं झालं, बाई म्हणाल्या, "खांबामागे असेल, बघा." साहेबांचा डबा घरून येणं बंद झालं आणि उपाशी साहेबांनी मंगळवारपर्यंत अकरा फायली परत फेकल्या. त्यांतल्या नऊ त्याच्या होत्या.

"मी काय चुकलो ते तरी सांग," त्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही तिथे सारखं हो-हो करता म्हणून. घरी माझ्याशी बोलता तसं बोला की! लग्न झाल्यापासून माझ्या एका वाक्याला सरळ हो म्हणालात का? मी म्हटलं पाऊस पडतोय, तर तुम्ही विचारता, कशावरून?"

हे त्याला पटलं. तो म्हणाला, "कशावरून?" आणि बायकोने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या शनिवारी मेलेल्या दोघींना भुतं म्हणून टेबलाशी बसायची परवानगी होती. बघायचं, बोलायचं, पण कशाला हात लावायचा नाही. ड्रॅगनच्या ढिगामागे एक विहीर होती. तिचं पाणी शिंपडलं की मेलेला उठायचा. चोर एकटाच पुन्हा गुहेत उतरला. ड्रॅगन खर्जात गरजला, "पुन्हा आलास? हे सगळं माझं आहे!"

तपासनिसाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "कशावरून?"

साहेबांचा खर्ज अडखळला. "म्हणजे? मी तीनशे वर्षं यावर बसलोय!"

"बसणं हा ताबा झाला. मालकीचं काय? तीनशे वर्षांपूर्वी हे कुणाचं होतं?"

"एका राजाचं."

"त्याने लिहून दिलं?"

"त्याला मी जाळला!"

"असं." तपासनीस पुढे झुकला. त्याच्या डोळ्यांत आता ती चमक आली होती, जी पाहून भलेभले दावेदार आपला दावा मागे घेऊन चहा प्यायला निघून जात. "आता त्या आगीबद्दल. आग लागली की लावली?"

"ड्रॅगन आहे मी! माझ्या तोंडातून येते आग!"

"चुकून की जाणूनबुजून? शिंक आली होती का? घटनेच्या वेळी तिथे दुसरं कुणी होतं का? की एकमेव साक्षीदारही तुम्हीच जाळला?"

साहेबांनी वही चाळली. तीन वर्षं खपून लिहिलेल्या वहीत ड्रॅगनचे दात किती, खवले कसले, झोप किती तासांची, सगळं होतं. या प्रश्नांची उत्तरं मात्र नव्हती. बाई खुर्चीच्या टोकावर आल्या. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं, ते तसंच उकळत राहिलं.

"गेल्या शनिवारी दोन बायका याच जागी जळाल्या," तपासनीस म्हणाला. "एकाच जागी वारंवार आगी. आमच्याकडे याला योगायोग म्हणत नाहीत. नकाशात विहीर तुमच्या हद्दीत दाखवलीय. भरलेली विहीर हाताशी असताना आग विझवायचा प्रयत्न का झाला नाही?"

"मला काय माहीत!" साहेब ओरडले. आवाज आता ड्रॅगनचाही नव्हता आणि साहेबांचाही नव्हता. वरून चौकशी आली की खालच्या माणसाचा होतो तसा होता. "घ्या ते पाणी, घ्या ते सोनं, आणि जा एकदाचे!"

"बोललं की झालं!" बाई टाळी वाजवून उठल्या.

"झालं!" वहिनी म्हणाल्या.

वैद्य उठली, मांत्रिक उठली. फासा एकदाही न टाकता गुहा रिकामी झाली आणि तीनशे वर्षांचा ड्रॅगन कागदपत्रं शोधायला म्हणून बाहेर गेला, तो गेलाच. वहिनींनी तपासनिसाला चहा दिला, वर दुसऱ्यांदा विचारला. घरी जाताना त्याच्या ध्यानात आलं, की तासभर आपल्याला त्या जागेची आठवणसुद्धा झाली नव्हती. हे ध्यानात आल्यावर मात्र तो वाटभर फक्त तिचाच विचार करत राहिला, आणि जागा आपल्यालाच मिळणार, असं त्याने चौकापर्यंत येता येता ठरवूनही टाकलं.

सोमवारी साहेबांनी त्याला बोलावलं. "बसा," म्हणाले. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"बाईंची ऑर्डर काढलीय मी."

तपासनीस उठला, मग पुन्हा बसला. "पण साहेब, शनिवारी तर मी..."

"उत्तम खेळलात. तीन वर्षांची माझी वही तुम्ही एका दुपारी रद्दीत घातलीत. मी चिडून बोलत नाहीये, ऐका." साहेबांनी दार लोटून घेतलं. "पहिल्या शनिवारी ड्रॅगनने विचारलं आणि तुम्ही सगळं सांगून टाकलंत. दुसऱ्या शनिवारी तुम्ही ड्रॅगनलाच सगळं विचारलंत. उद्या मुख्य कार्यालयातून कुणी तपासणीला आलं आणि तुम्ही माझ्या शेजारच्या खोलीत असलात, तर? उपव्यवस्थापकाला या दोन्ही सवयी नकोत."

"आणि बाई?"

"बाई तीन महिने माझ्याशी खेळल्या. त्यांच्या झोळीत काय आहे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही." साहेबांच्या आवाजात खरा आदर होता. मग त्यांनी खणातून पुठ्ठ्याचा आडोसा, पेन्सिल आणि फाशांची डबी काढून त्याच्यापुढे सरकवली. "माझा ड्रॅगन तर गेला. आता पुढची गोष्ट तुम्ही चालवा. ज्याने प्रश्न काढले, त्यालाच उत्तरं द्यायला बसवायचं, ही आपल्याकडची रीत आहे. येत्या शनिवारपासून सूत्रधार तुम्ही. तुमच्या घरी."

नाही म्हणायची संधी होती. तो म्हणाला, "हो, साहेब."

त्या शनिवारी मंडळी त्याच्या घरी जमली. बायकोने ऑफिसातल्या माणसांसाठी चांगले कप काढले. तपासनीस चार रात्री जागला होता. त्याने नवा ड्रॅगन घडवला होता, आणि घडवला होता तो विचारपूर्वक: मालकीचा कागद, राजाची सही, दोन साक्षीदार, सगळं त्याच्याकडे तयार होतं. या ड्रॅगनला आता कुणाचा बाप हरवू शकणार नव्हता. आडोशामागे बसताना त्याच्या चेहऱ्यावर अठरा वर्षांत न दिसलेलं तेज होतं.

"ड्रॅगन समोर आहे," तो खर्जात म्हणाला. "बोला, काय करता?"

"मी काठी मारते," बाई म्हणाल्या.

"ड्रॅगनला? काठी? मॅडम, मांत्रिकाची काठी म्हणजे..."

"मारते म्हटलं ना."

त्यांनी फासा टाकला. गडगडत येऊन तो आडोशाला टेकला. दोन. डोळे मिटून बसलेल्या ड्रॅगनलाही दोनाने ओरखडा उठत नाही. सगळ्यांनी फाशाकडे पाहिलं. मॅडमनी मात्र तपासनिसाकडे पाहिलं, अगदी सहज, जसं सोमवारपासून त्या आपल्या खोलीतून पाहत होत्या. त्याच्या कामाचा वार्षिक अहवाल पुढच्या महिन्यात त्याच लिहिणार होत्या.

"लागली का हो?" त्यांनी विचारलं.

तपासनिसाने घसा खाकरला. "वर्मी लागली, मॅडम. मेला."

"अहो, दोन पडलेत!" दारात ट्रे घेऊन उभी असलेली बायको म्हणाली. "मघाशी तुम्हीच सांगत होता ना, अठराच्या खाली काही होत नाही म्हणून?"

"तो आजारी होता," तपासनीस म्हणाला. "आधीपासून."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. वहिनींनी बशी उचलून घेतली. मॅडम मान डोलावून म्हणाल्या, "बरं. दुसरा आहे का?"

संध्याकाळपर्यंत तसल्याच कागदपत्रांसह उभे केलेले आणखी चार धरून एकूण पाच ड्रॅगन मेले, त्यातला एक तर नुसता खोकल्याने. सगळं आवरल्यावर कोणाला काय मिळालं ते बघायचं, तर मॅडमना खोली मिळाली आणि खोलीला दार. साहेबांना घरचा डबा सुरू झाला आणि शेजारच्या खोलीत न बोलणारं माणूस मिळालं. वहिनींना वैद्य परत मिळाली. आणि या सगळ्याची किंमत चुकवली ती त्या पाच ड्रॅगननी. कागदपत्रं पाचांचीही चोख होती. बघितली कुणीच नाहीत.